नावावरची मेंढी

“बाई, तुमची मेंढी व्याली!”

भर मंडईत, मेथीची जुडी उलटी करून मुळाशी माती किती आहे ते बघत असताना विजयमालेच्या पाठीमागून ही आरोळी आली आणि आजूबाजूची चार-सहा माणसं वळून बघायला लागली. वळून बघण्यासारखंच होतं म्हणा. खणभागात एका खोलीत राहणारी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, बेचाळीस वर्षांची विधवा बाई, आणि तिची म्हणे मेंढी. आरोळी ठोकणारा धुळा कांद्यांच्या ढिगापाशी उभा होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं आणि तोंडभर हसू. “जुळी झाल्यात, जुळी! दोनी बी माद्या!” मेंढरांत जुळं म्हणजे अपूर्वाईच, त्यामुळं गड्याला दम निघत नव्हता, तो माणसांना कोपरानं बाजूला सारत पुढं आला. “आई म्हनली, सांगलीत जातुयास तर पयलं बाईंच्या कानावर घाल. आता तुमची नऊ झाली की!” विजयमालेनं जुडी ढिगावर परत ठेवली. नीट ठेवली, देठ एका बाजूला करून. आणि मग तिच्या पोटात गोळा आला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “कसली नऊ?”

“मेंढरं की. तुमच्या नावावरची.”

नावावरची. तिनं इकडंतिकडं पाहिलं. नारळवाल्याशी घासाघीस करणारा चष्मेवाला माणूस कचेरीतला असेल काय? इन्कमटॅक्सच्या कचेरीतली माणसंही नारळ घेतच असणार. त्या दिवसांत, आणीबाणीतल्या शहात्तर सालच्या त्या फेब्रुवारीत, माणसं चहाच्या दुकानातसुद्धा आवाज उतरवून बोलत. कुणाकडं धाड पडली, कुणाला घेऊन गेले, याच गोष्टी. तिनं धुळ्याला म्हटलं, “बरं झालं. आईला सांग, संध्याकाळी येते.” भाजी न घेताच ती मंडईबाहेर पडली. मारुती चौकापर्यंत येईतो हातपाय गार पडले होते, आणि ऊन तर असं की डांबर मऊ व्हायला आलेलं.

उद्या गुरुवारी अकरा वाजता त्याच कचेरीत मंडळाची सुनावणी होती. पंधरा दिवसांमागं तिनं एका कागदावर सही केली होती. तो कागद तिला तोंडपाठ झाला होता, कारण मुलींकडून नद्यांची नावं घोकून घेण्यात हयात गेलेल्या बाईला असली वाक्यं आपोआप पाठ होतात. “मी, मंडळाची चिटणीस व विश्वस्त, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, मंडळाच्या कोणाही विश्वस्तास अगर त्याच्या नातलगास मंडळाच्या मिळकतीपासून प्रत्यक्ष अगर अप्रत्यक्ष लाभ झालेला नाही.” लिहिताना तिला थोडं हसूच आलं होतं. लाभ! बहात्तरच्या दुष्काळापासून एस.टी.चा खर्चही ती पगारातून करत आली होती. आणि आता नऊ. अगदी नऊच्या नऊ, चार पायांची, चरणारी, वाढणारी.

मंडळ म्हणजे काय, तर आटपाडीच्या पलीकडं माणगंगेच्या काठची एक धनगरवस्ती आणि तिथल्या चाळीस बायका. दुष्काळात शाळेतून कपडे आणि धान्य घेऊन विजयमाला तिथं गेली तेव्हा या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. मेंढरं निम्मी मेली, निम्मी मातीमोलानं गेली. दुपारी सुकडी वाटायची वेळ झाली की बायका ओळीनं बसत, आणि बसल्या-बसल्या त्यांची बोटं चालत. चातीही नव्हती हातात, लोकरही नव्हती, नुसती बोटं सूत काढल्यासारखी चालत. ते बघून विजयमालेच्या अंगावर काटा आला होता. त्यातून पुढं सगळं झालं. लोकर आणली, बायका सूत कातायला बसल्या, घोंगडी विणणाऱ्या सनगराचे दोन माग उभे राहिले, चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास वस्तीवर पसरला आणि घोंगडी विकली जाऊ लागली. संस्था रीतसर नोंदली. चिटणीस कोण? तर लिहिता येतं ती. धर्मादाय संस्था म्हणून कराची सूट मिळाली. गरिबांचं दुःखनिवारण, असं कागदावर आलं. शिल्लक राही तिच्यातून पुढच्या सालची लोकर येई, आणखी एक माग येई. चार वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. मग नोटीस आली. दुष्काळ संपला, आता दुःखनिवारण कसलं करता? घोंगडी विकून शिल्लक पाडता म्हणजे धंदा करता, सूट का काढून घेऊ नये? सूट गेली तर चार वर्षांचा कर एकदम बसणार होता. माग विकावे लागणार, लोकर विकावी लागणार आणि चाळीस बायका पुन्हा हातोडी घेऊन रस्त्याच्या कडेला. हे तिला दिसायचं. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा टांगताना दिसायचं, दात घासताना दिसायचं.

धंद्याचं उत्तर हंबीररावांनी तयार ठेवलं होतं. हंबीरराव म्हणजे करसल्लागार, गणपती पेठेत माडीवर बसत. मंडळाचं काम फुकट करत आणि ते फुकट आहे हे दर खेपेला ऐकवत. पण मेंढीचं उत्तर कुणाकडंच नव्हतं, कारण मेंढी कागदावर नव्हती. चालता-चालता तिला ती आठवायला लागली, आणि आठवायला लागली म्हणजे ती विसरली नव्हतीच, हेही तिला कळलं. त्र्याहत्तर साली पाऊस झाल्यावर पुण्याच्या काही मंडळींनी देणगी दिली होती, तिच्यातून मंडळानं मेंढ्या घेतल्या. बाईगणिक एक, चाळीस. पण विकणाऱ्यानं खुशीत एक जादा घातली आणि एकेचाळीस झाल्या. “ही कुनाची?” म्हणून दगडाबाईनं त्या उरलेल्या मेंढीचं दावं विजयमालेच्या हातात दिलं. दगडाबाई म्हणजे धुळ्याची आई, वस्तीतली सगळ्यांत थोर बाई; तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तिनं मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला, मग त्याच बोटांनी विजयमालेच्या कपाळाला लावला. नवरा गेल्यापासून, पासष्टच्या लढाईपासून, त्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं. “बोला बाई, ही कुनाची?” सगळ्या बायका गोल करून उभ्या. विजयमाला हसली होती. लाजलीही होती. “माझी,” ती म्हणाली. “व्हय!” असा एकदम गलका झाला. मग कुणीतरी मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडल्या. ज्याची मेंढी त्याची खूण. रक्त नको बघायला म्हणून तिनं मान फिरवली होती. आणि संध्याकाळी कंदिलाजवळ बसून वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, मेंढ्या चाळीस.

का लिहिलं असं? खेळ होता म्हणून. खेळ कुणी वहीत लिहितं? पण खेळ होता तर गेल्या दिवाळीत वस्तीवरून आलेलं काळंभोर घोंगडं धुळ्यानं “तुमच्याच लोकरीचं हाय” म्हणून दिलं तेव्हा तिनं विचारलं का नाही, माझी लोकर कुठली रे बाबा? नाही विचारलं. घेतलं आणि त्याच रात्रीपासून पांघरायला लागली. त्याला मेंढरांचा, खळीचा, धुराचा वास होता आणि त्या वासात तिला झोप फार चांगली लागायची. अप्रत्यक्ष लाभ. खोलीवर येऊन तिनं दाराला कडी घातली, कॉटवरचं घोंगडं घडी करून ट्रंकेत घातलं, वर जुने नकाशे ठेवले, आणि ट्रंकेला कुलूप लावताना स्वतःचा हात बघून ती दचकली. हा चोराचा हात. चोरी लपवतो तोच चोर, असं उद्या सुनावणीत साहेब म्हणणार. कुलूप दिसलं की म्हणणार. तिनं कुलूप काढलं. मग पुन्हा लावलं.

लोणंदजवळच्या गावी तिचे वडील तलाठी होते. सरळ माणूस; जेवायच्या ताटातसुद्धा मीठ वाढून घेताना मोजून घेणारा. ती नऊ वर्षांची होती तेव्हा त्यांच्या परसात एक कोंबडा आला. कुणी आणून बांधला, कुणाच्या कामासाठी, वडिलांना ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे. आईनं दोन दिवस “कुणाचा असंल तो न्हेईल” म्हणून त्याला दाणे टाकले. मग दाणे टाकायचं काम विजयमालेकडं आलं, आणि तिनं त्याच्या पायातली सुतळी सोडून तांबड्या चिंधीची पट्टी बांधली. महिन्यानं गावात प्रांतसाहेब आले. कुणीतरी वडिलांविरुद्ध अर्ज केला होता. घोड्यावरून उतरलेला, पायात चामडी पट्ट्या बांधलेला तो माणूस परसात गेला आणि हसऱ्या तोंडानं खाली वाकून म्हणाला, “काय गं बाळ, एवढा छान कोंबडा कुणाचा?” विजयमालेनं मान वर करून सांगितलं, “आमचा.” वडील ओसरीवर उभे होते. ते निलंबित झाले, अकरा महिने घरी बसून राहिले, मग निर्दोष ठरले, कामावर परत गेले आणि त्यानंतर मरेपर्यंत कुणाच्या घरी पाणीही प्यायले नाहीत. तिला कधी कुणी रागावलं नाही. एकदा तरी थोबाडीत मारायची होती, असं तिला अजून वाटे. चौकशी हा शब्द ऐकला की आजही तिच्या जिभेला कोरड पडायची आणि तळपायाखाली परसातली गार माती लागायची.

दुपारी ती हंबीररावांच्या माडीवर गेली. ते तंबाखू मळत होते. तिनं सगळं सांगितलं. सांगताना मेंढीला मेंढी म्हणायचंही तिच्या जिवावर आलं. हंबीररावांचा हात थांबला.

“किती म्हणालात?”

“नऊ. आत्ताची दोन धरून.”

“अहो ताई!” त्यांनी तंबाखू तशीच कागदावर टाकली. “घोंगडी विकणं म्हणजे धंदा नाही, पोटापाण्याची सोय आहे, हे मी त्या साहेबाला दिवसभर सांगेन. माणूस वाईट नाही, तरुण आहे, ऐकून घेतो. पण विश्वस्तच मंडळाच्या कळपातून खाते म्हटल्यावर दुसरं काही बघायचीच गरज नाही त्याला. तिथंच खेळ खलास. सूट गेली! वर तुम्ही प्रतिज्ञेवर लिहून दिलंय.”

“मी खाल्लं नाही काही.”

“मला माहीत आहे. सगळ्या सांगलीला माहीत आहे. कायद्याला कुठं माहीत आहे?” ते खिडकीतून खाली बघत बसले. “आणि नेमकं त्यानं म्हटलंय, मंडळातली एक बाई आणा, मला तिच्या तोंडून ऐकायचंय. ती म्हातारी येणार ना? तिला समजावून ठेवा. साहेबानं विचारलं की म्हणायचं, बाईंचं आमच्यात काही नाही. एवढं एक वाक्य. पुढचं मी बघतो. आणि हे तुम्ही मला काही सांगितलेलं नाही.”

म्हणजे ते सुटले. जिना उतरताना ती कठड्याला धरून उतरली. आपणच साहेबाला खरं सांगितलं तर? मीच म्हणाले होते माझी, माझं चुकलं, मला काढून टाका, मंडळाला राहू द्या. पण तसं होत नसतं, हंबीररावांनी पूर्वीच सांगितलं होतं. एका विश्वस्तानं घेतलं की सगळ्यांची सूट जाते. तिच्या एका शब्दानं एक माणूस अकरा महिने भिंतीकडं तोंड करून बसला होता. आता चाळीस बायका. रस्त्यानं माणसं, सायकली, टांगे चालले होते आणि त्यांतल्या एकाचीही मेंढी नव्हती, किती सुखी होती ती माणसं! तिला वाटलं, नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदाखेरीज जगात आपल्या नावावर काही नाही. सासरच्या उसाच्या जमिनीतला हिस्सा तिनं दिराला केव्हाच लिहून दिला होता. खोली भाड्याची. आणि कुणी न विचारता, न सांगता, उन्हातान्हात, माणदेशच्या माळावर कानाला दोन खाचा असलेली जनावरं चरत होती आणि व्यायला टेकलेल्या मेंढीपाशी बसून कुणीतरी म्हणत होतं, बाईंची व्याली. एका क्षणापुरतं, भीतीच्या आतून, तिला इतकं बरं वाटलं की ती रस्त्यात उभी राहिली. मग लगेच तिला त्या बरं वाटण्याचीच धडकी भरली. हाच तो लाभ. दुसरा कुठला असतो?

हरिपूरच्या वाटेवर, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका रानात धनगरांचा वाडा, माणसं आणि मेंढरं मिळून, उतरला होता. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्यासाठी धुळ्यानं कळप इकडं आणलेला. सूर्य अजून वर होता, पण पाचटाच्या धुरानं तांबडा दिसत होता. विजयमालेला येताना बघून दगडाबाई उठली नाही; तिच्या मांडीवर दोन कोवळी कोकरं होती, एक काळं आणि एक काळ्यात पांढरा ठिपका असलेलं.

“या लेकी. बघा तुमची नाती.”

तिनं ठिपकेवालं कोकरू उचलून विजयमालेपुढं धरलं. विजयमालेनं हात पुढं केला नाही. तिनं दोन्ही हात पदरात घेतले. दगडाबाईनं कोकरू हळूच खाली ठेवलं.

“काय झालं?”

“मावशी, उद्या साहेब विचारील, बाईंचं तुमच्यात काय आहे. तुम्ही म्हणा, काही नाही.”

“आन हाय तर?”

“तरी म्हणा. एवढं एकच.”

“तितं शपत घालत्यात न्हवं?”

“घालतात.”

दगडाबाईनं बोटानं कोकराच्या कपाळावरची माती पुसली. “न्हाई म्हनलं न्हाई तर काय करतील? मेंढरं न्हेतील?”

“माग नेतील. लोकर नेतील. मंडळ बुडंल, मावशी. समद्या परत खडी फोडायला जातील.” बोलता-बोलता विजयमालेची शाळेतली भाषा गळून पडली, लोणंदच्या परसातली जीभ तोंडात आली. “आन मला भ्या वाटतंया. लय भ्या वाटतंया. सकाळपास्नं घास गिळंना.”

“साहेब तुमाला धरून न्हेईल?”

“ते ठाऊक न्हाई. त्येचं न्हाई भ्या.”

“मंग कशाचं?”

दगडाबाई तिच्याकडं बघत राहिली. म्हातारीचे डोळे उन्हानं पिवळे झालेले, त्यात राग नव्हता. आजारी जनावराकडं बघतात तसं ती बघत होती, काय दुखतंय ते स्वतःच हुडकत. कळपात एक मेंढी खोकली. लांब कुणीतरी उसाची गाडी हाकत होतं. विजयमालेला वाटलं, आता ही म्हणेल, होऊ दे काय व्हायचं ते, आपण खरं सांगू. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं, आणि म्हणाली तर मी काय करू, या विचारानं तिला घाम फुटला.

“मंजी तुमची न्हाई म्हनायचं,” दगडाबाई म्हणाली.

“हो.”

“तुमी तोंडानं म्हना की. तवा तोंडानंच घेतल्याली.”

आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. धुळा विहिरीकडं गेला होता. ठिपकेवालं कोकरू लटपटत उभं राहिलं आणि पुढच्या गुडघ्यांवर पडलं. “माझी नाही,” ती म्हणाली.

“बरं,” दगडाबाई म्हणाली. “बघते.” एवढंच. चहा ठेवते म्हणाली नाही, बस म्हणाली नाही, आणि विजयमाला बांधावरून परत फिरली तेव्हा ती पुन्हा कोकरांत गढून गेली होती.

बघते म्हणजे काय? पुलाजवळ नदीवरचा गार वारा लागेपर्यंत आणि मग सकाळी केस विंचरताना, विंचरता-विंचरता फणी तशीच धरून, विजयमाला या एका शब्दाभोवती फिरत राहिली. बघते म्हणजे म्हणते, की बघते म्हणजे बघू? दगडाबाई खोटं बोलत नाही. एकदा आठवड्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं “म्हातारे, लोकर धुतलेली आहे ना?” म्हणून विचारलं, “न्हाई, तशीच हाय” म्हणाली आणि निम्म्या भावानं देऊन आली. बायका चिडल्या तर म्हणाली, “इचारलं त्यानं. म्या काय करू?” असली बाई. ती साहेबापुढं मोठ्या कौतुकानं म्हणेल, हायती की, नऊ हायती, ही बगा डाव्या कानाला दोन खाचा! विजयमालेला तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. शाळेत रजेचा अर्ज देताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बरं नाही का हो?” आणि ती इतक्या जोरात “काही नाही!” म्हणाली की शिपाईण दारात डोकावली.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. लाकडी बाकावर दगडाबाई आधीच येऊन बसली होती, एकटी, धुतलेलं लुगडं नेसून. तिच्या बोटांना, नखांच्या कडेला, लाल डाग होते, ते ती पदराच्या टोकानं पुसत होती. विजयमाला जवळ जाऊन बसली, पण म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं नाही. विचारावं, काय ठरवलं मावशी? तोंड उघडलं आणि कोरडी जीभ टाळूला चिकटली. शिपायानं हाक मारली.

साहेब खरंच तरुण होता. टेबलावर कागदांवर दाबायला गुळगुळीत गोटा ठेवलेला. पहिला अर्धा तास हंबीरराव बोलले आणि फार छान बोलले. दुष्काळ पावसानं संपतो पण गरिबी पावसानं संपत नाही, असं म्हणाले, तेव्हा साहेबानं मान हलवली. शिल्लक कुणी वाटून घेतली नाही, सगळी कामातच घातली, हेही त्याला पटलेलं दिसलं. विजयमालेला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. तिचं सगळं लक्ष त्या गोट्याकडं. कुठल्या नदीतला असेल? कृष्णेतला नव्हे, कृष्णेचे गोटे काळे. मग साहेबानं तिचा प्रतिज्ञेचा कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तो कागद खाली ठेवत अगदी सौम्य, हसऱ्या तोंडानं पुढं वाकला.

“आजी, एकच विचारतो. शपथेवर सांगायचं हं. या बाईंचं तुमच्या कळपात, मंडळात, काही आहे का?”

खुर्चीचा हात विजयमालेनं धरला होता तो आता आपला हात कुठला आणि खुर्चीचा कुठला हे तिला कळेना. पळून जावं असं वाटलं. आपणच ओरडावं असं वाटलं. दगडाबाई उभी राहिली, तिनं हात जोडले, आणि तिनं बिरोबाचं नाव घेतलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

“काहीच नाही?”

“त्येंचं आमच्यात काय बी न्हाई साहेब. त्या आमच्या कोन बी न्हाईत.”

साहेबानं लिहून घेतलं. म्हातारीच्या आवाजात कुठं अडखळणं नव्हतं, कापरं नव्हतं. साहेबालाही ते कळलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. अंगठा घेतला. मग म्हणाला, लेखी आदेश निघेल, पण आपलं समाधान झालं आहे, मंडळाची सूट चालू राहील. असंच काम हवं, तो म्हणाला, करणाऱ्याचा स्वतःचा काही संबंध नाही असं. विजयमालेनं हात जोडले. ते आपोआप जोडले गेले.

हंबीरराव आत साहेबाशी बोलत थांबले आणि दोघी जिन्याशी आल्या. विजयमालेचे पाय एवढे हलके झाले होते की कठडा नको वाटत होता. तिनं दगडाबाईचा दंड धरला. “मावशी, माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं. देवाचं नाव घेऊन. मला माफ करा.”

दगडाबाई थांबली. “खोटं?” ती म्हणाली. “म्या कवा खोटं बोलले?” तिनं आपला दंड सोडवून घेतला, झटकला नाही, नुसता सोडवला. “दिस उगवायच्या वक्ताला समदी नऊच्या नऊ धरली. खाचांवरनं कान कापून खून मोडली. बिरोबाच्या नावानं सोडली आन वाड्यातल्या समद्यास्नी बलवून सांगितलं, आजपास्नं बाईंचं आपल्यात काय न्हाई. मंग आंगूळ केली आन आले.”

विजयमालेला तिच्या बोटांवरचे डाग दिसले.

“नावावर मेंढी व्हती तवर तुमी वाड्यातल्या व्हता,” दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज आता जरा घोगरा झाला होता. “उद्या तुमचं डोळं मिटलं आस्तं तर आमी सुतक धरलं आस्तं. धुळ्यानं डोस्कं भादरलं आस्तं. ते कुनी कागदावर लिवत न्हाई, म्हून तुमाला ठावं न्हवतं. आता न्हाई. तुमीच म्हनला, माजी न्हाई.” ती दोन पायऱ्या उतरली, मग वळली. “मंडळाचं काम हाय तवा येत जावा. कामाला कोन न्हाई म्हनतंय.”

ती जिना उतरून गेली. खाली उन्हात तिचं लुगडं क्षणभर दिसलं आणि मग सायकलींच्या गर्दीत दिसेनासं झालं. विजयमाला तिथंच उभी राहिली. कालपासून पोटात बसलेला गोळा तिनं शोधून पाहिला, तो नव्हता. तळपाय कोरडे होते, जीभ ओली होती, छाती शांत होती. आता कुणी येऊन काही विचारलं, कुठलीही ट्रंक उघडली, कुठलाही कळप धुंडाळला, तरी तिच्याविरुद्ध काही म्हणजे काही सापडणार नव्हतं. एवढी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती असं म्हणावं, तर हिला भीती म्हणतात की आणखी काही, तेही तिला ठाऊक नव्हतं.

हंबीरराव हसत-हसत बाहेर आले. “सुटलो ताई! काय बोलली म्हातारी, वा! मी शिकवलं असतं तरी इतकं सफाईनं बोलली नसती. चला, चहा घेऊ. आता कशाला घाबरायचं नाही. तुमच्या नावावर काही नाही आणि तुमच्या मागं कुणी नाही.”

“हो,” विजयमाला म्हणाली. “कुणी नाही.” तिचा आवाज अजिबात कापला नाही.